मी आहे मागे

तंबू शेजारच्या निवृत्त बसड्रायव्हरचा होता. मास्तर तो मागायला गेले तेव्हा ड्रायव्हर गच्चीत कपडे वाळत घालत होता. तंबू हातात द्यायच्या आधी त्याने मास्तरांना पिंपावर बसवलं आणि तंबूची सगळी कुळकथा ऐकवली. कुठे कुठे नेला, कोणत्या वाऱ्यात फाटला, बायकोने तो छत्रीच्या कापडाचं ठिगळ लावून कसा शिवला. शेवटचा टॉवेल झटकून तो म्हणाला, "पण मास्तर, तुम्ही आणि जावई? दोघंच?"

"लेकीचा हुकूम."

"मग बोलायलाच नको," ड्रायव्हर म्हणाला आणि माळ्यावरून गुंडाळी ओढायला आत गेला.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शहराच्या तरणतलावावर त्यांनी उभी हयात लोकांना पोहायला शिकवण्यात घालवली होती. पोरं, पोरांच्या आया, पोट सुटलेले कारकून, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी रस्त्यात कोणीतरी थांबायचं आणि सोबतच्या मुलाला सांगायचं, "यांनी शिकवलं मला." मास्तर वरवर "असू दे, असू दे" म्हणायचे. पण त्या दिवशी घरी परतताना त्यांची चाल वेगळी असायची.

त्यांच्या हाताखाली कच्चा राहिलेला माणूस एकच, आणि तो नेमका जावई निघाला. चष्म्याच्या दुकानात तो लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचा. स्वतःचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. लग्नानंतर बायकोच्या आग्रहाने तो तलावावर आला, आणि कितीतरी दिवस कठडा धरून नुसता उभा राहिला. पुढे कसाबसा हातपाय मारायला लागला, पण इतकं पाणी उडवायचा की बाजूची मुलं हसायची. मास्तरांनी त्याला कधी बोल लावला नाही. कौतुकही केलं नाही. सासऱ्या-जावयाचं भांडण असं कधी झालं नाही, कारण भांडायला आधी बोलावं लागतं. रविवारी जेवायला एकत्र बसले की दोघंही आमटी छान झालीय म्हणायचे आणि मग घड्याळाकडे बघायचे.

लेकीला दिवस गेले तेव्हा तिने हे मनावर घेतलं. "बाळ यायच्या आत तुम्ही दोघं माणसासारखे बोलायला लागा," तिने बजावलं. "दोन दिवस एका तंबूत राहा. तिथे टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही. कुठे तोंड लपवाल?" आणि तिनेच कुठूनतरी एका रानातल्या तळ्याचं नाव काढलं.

तळ्याकडे जाणारा डांबरी रस्ता एका फाटकापाशी संपत होता. पुढे पायवाट. फाटकावरच्या बाईने त्यांची गाडी झाडाखाली लावून घेतली आणि रोजचं पाठ असलेलं एका दमात म्हणून दाखवलं. तिथे नळ नाही, दिवा नाही, संडास नाही. खड्डा खणायचा तो पाण्यापासून लांब. तळ्यात साबण नको. खाण्याची पिशवी झाडाला उंच टांगायची, नाहीतर रात्री जनावरं उचकतात. फोनला रेंज हवी असेल तर वरच्या चढावर यायचं. थंडी सुरू झाल्यामुळे दुसरं कोणी उतरलेलं नाही, सगळं तळं तुमचंच.

"पोहणार आहात का?" तिने विचारलं.

"हे पोहण्याचे मास्तर आहेत," जावई म्हणाला. त्याच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो मास्तरांना अनपेक्षित होता.

"मग काही काळजी नाही," बाई म्हणाली.

सामान पाठीवर घेऊन ते उतरले. तळं दिसलं तेव्हा दोघंही न ठरवता थांबले. चारी बाजूंनी झाडी पाण्यापर्यंत आलेली, काही झाडं तर गुडघाभर पाण्यातच उभी. पाणी काळं होतं, आणि इतकं सपाट की वरून एखादं पान पडलं तरी ते जिथे पडलं तिथेच राहत होतं. कुजलेल्या पानांचा गोडसर वास सगळीकडे भरला होता.

तंबू उभा करताना जावयाने पहिली खुंटी उलटी ठोकली. दुसरी ठोकताना दगड स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला. तंबू एकदा उभा राहिला आणि त्याच्याच अंगावर कोसळला. आतून आवाज आला, "बाबा, बायकोला सांगू नका." मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी कापडाखालून त्याला ओढून काढलं, तेव्हा तोही हसत होता, चष्मा एका कानावर लोंबत.

दुपारी दगडांच्या चुलीवर बटाटे भाजले. तळ्याचं पाणी गाळून, उकळून चहा केला. त्याला धुराचा वास येत होता, तरी दोघांनी दोनदा घेतला. चहा पिता पिता जावई म्हणाला, "खरं सांगू का? मला पाण्याची भीती कधी वाटलीच नाही. तुमची वाटायची."

"माझी?"

"तुम्ही काठावर उभे राहून बघायचात ना. मला वाटायचं, हे आत्ता मनात म्हणत असतील, मुलगी कोणाला दिली."

मास्तरांनी काटकीने निखारे सारखे केले. तसं ते खरोखर म्हणत असत. "तुम्ही शेवटी कठडा सोडलात," ते म्हणाले, "आणि कितीतरी जण मधूनच घरी गेले. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

जावयाने मास्तरांच्या पेल्यात उरलेला चहा ओतला. मास्तरांना वाटलं, लेकीचं डोकं खरंच चालतं.

ऊन उतरल्यावर जावई सरपण गोळा करायला झाडीत गेला. मास्तर भांडं घासायला पाण्याशी बसले. साबण नव्हता, म्हणून राखेने घासत होते. गार हवा आली आणि तळ्यावर धुकं धरायला लागलं. आधी पाण्यालगत, मग हळूहळू वर. समोरचा काठ गेला, मग पाण्यात उभी असलेली झाडं गेली. मास्तरांच्या लक्षात आलं की पाखरांचा आवाज बंद झालाय. तो कधी बंद झाला, ते कळलं नव्हतं.

"अहो…"

मास्तरांनी मान वर केली.

"अहो, जरा हात देता का?"

सायकलवर पोतं चढवताना रस्त्यातल्या माणसाला विचारावं, इतक्या साध्या सुरात कोणीतरी विचारत होतं. पुरुषाचा आवाज होता. फार लांबूनही नाही. धुकं जिथे सुरू होत होतं, तिथे पाण्याच्या वर एक डोकं होतं. केस कपाळाला चिकटलेले. तोंड त्यांच्याकडेच.

तलावावर इतकी वर्षं काढलेल्या मास्तरांचे पाय अशा वेळी विचार करत नसत. शिट्टी वाजायच्या आत ते पाण्यात असायचे. आज पाय जिथे होते तिथेच राहिले. बुडणारा माणूस असं बोलत नाही, त्याला श्वासच पुरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्या डोक्याभोवती एकही तरंग उठत नव्हता. हातपाय हलल्याशिवाय माणूस पाण्यात उभा राहतो कसा? हे सगळं त्यांनी पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा समजावलं. पण त्या वेळी यातलं काही मनात आलं नव्हतं. त्या वेळी नुसती भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी. मास्तरांनी मान खाली घातली आणि ते पुन्हा भांडं घासायला लागले.

"इथे… जरा हात द्या हो."

ते घासत राहिले. भांडं केव्हाच लख्ख झालं होतं.

मागे काटक्या पडल्याचा आवाज आला. "बाबा, कोणी बोलत होतं का?"

"नाही."

"मी ऐकलं. कोणीतरी हात द्या म्हणालं."

"पाणकोंबडी असेल," मास्तर म्हणाले. मान वर न करता.

जावई पाण्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने मास्तरांकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्या नजरेत राग नव्हता. दुकानात एखादा म्हातारा सगळ्यात मोठं अक्षर चुकीचं वाचतो, तेव्हा त्याच्याकडे बघावं तसं त्याने बघितलं आणि बूट काढायला लागला.

"माणूस आहे तिथे, बाबा. मला नीट दिसत नाही, पण माणूस आहे. तुम्ही येताय ना?"

मास्तर उठले. तोंडातून जे निघालं ते सवयीने निघालं. हजारो मुलांना तलावाच्या खोल बाजूला नेताना ते हेच म्हणत आले होते. "व्हा पुढे. मी आहे मागे."

जावयाने शर्ट काढून दगडावर टाकला आणि चष्मा मास्तरांच्या हातात दिला. मग तो पाण्यात शिरला. तोच त्याचा वेडावाकडा हात, तेच धबाधबा उडणारं पाणी. मास्तर गुडघ्यापर्यंत आत गेले. पाणी हाडाला झोंबलं. ते थांबले.

धुक्यात शिरायच्या आधी जावयाने वळून पाहिलं. चष्म्याविना त्याला काठावरचं काही दिसत नसणार. मास्तर त्याच्यासाठी एक धूसर आकृती असतील, उभी की पोहणारी, जवळची की लांबची, ते कळायला मार्ग नव्हता.

"बाबा, आहात ना?"

"आहे."

तो गेला. थोडा वेळ पाणी उडाल्याचा आवाज येत राहिला. मग नळ बंद करावा तसा तो थांबला.

मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते. हाक मारावी असं वाटत होतं, पण हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर पुढे जावं लागणार होतं. म्हणून त्यांनी हाक मारली नाही. चष्मा मुठीत इतका घट्ट धरला होता की त्याची दांडी तळहातात रुतत होती. धुकं आता त्यांच्या अंगापर्यंत आलं होतं. पानांच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, बंद पडलेल्या टाकीचं झाकण उघडल्यावर येतो तसा.

"बाबा."

आवाज मागून आला, झाडीच्या बाजूने. जावई झाडांमधून चालत येत होता, उघडा, अनवाणी. "ओंडका होता," तो म्हणाला. "नुसता ओंडका. मी त्या बाजूने बाहेर पडलो आणि झाडीतून आलो."

मास्तरांना इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते घाईने बाहेर आले. पण दोन पावलांवर त्यांची चाल मंदावली. जावयाचे केस कोरडे होते. वाऱ्याने ते कपाळावर हलत होते. पँटची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"तुम्ही… भिजला नाहीत?"

"वाळलो चालता चालता," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "चष्मा द्या."

त्याच वेळी मागून, तळ्यातून आवाज आला.

"बाबा… कुठे आहात? माझे पाय लागत नाहीयेत."

तो जावयाचा आवाज होता. दमलेला, मध्येच पाणी गिळणारा. हा आवाज मात्र बुडणाऱ्या माणसासारखा होता. अगदी तसाच होता.

मास्तरांनी समोरच्याकडे पाहिलं. तो शांतपणे हात पुढे करून उभा होता. त्याने तळ्याकडे मानसुद्धा वळवली नाही. "गारठा पडलाय," तो म्हणाला. "चला."

"बाबा… हात द्या…"

"चष्मा, बाबा."

दोघांतला खरा कोण, हे मास्तरांना तेव्हा कळलं नाही, आणि नंतरही कधी कळलं नाही. तळ्यातलं काहीतरी जावयाचा आवाज काढून त्यांना ओढत असेल, असंही असू शकत होतं. पण त्यांनी ठरवलं ते या विचाराने नाही. काठावरच्याला चष्मा दिला, की पाण्यात उतरावं लागणार नव्हतं. एवढंच कारण होतं. त्यांनी मूठ उघडली. त्याने चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि बोटाने नाकावर सरकवला, अगदी जावई सरकवायचा तसा.

मग त्याने दगडावरचा शर्ट आणि बूट चढवले आणि तंबू उतरवला. दुपारी ज्याला एक खुंटी सरळ ठोकता आली नव्हती, त्याने सगळं कापड बघता बघता गुंडाळलं. मास्तर नुसते उभे होते. तळ्यातला आवाज येत होता. तो ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता, शाप देत नव्हता. दिले असते तर बरं झालं असतं. मास्तर पिशवी उचलून पायवाटेला लागले आणि वळणावर शेवटचं ऐकू आलं ते इतकंच, "बाबा, तुम्ही मागे आहात ना?"

पुढे चालणाऱ्याने आवाज ऐकल्याचं दाखवलं नाही. मास्तरांनीही नाही.

घरी लेकीने दार उघडलं आणि विचारलं, एका रात्रीचाही धीर निघाला नाही का तुम्हाला. त्याने बूट काढता काढता सगळं सांगितलं. कोणीतरी बुडतंय असं वाटलं, तो उतरला, ओंडका निघाला, अंधार होत होता म्हणून परतले. "आणि बाबा माझ्या मागोमाग पाण्यात होते," तो म्हणाला. "या वयात, एवढ्या थंडीत. माझ्याहून आधी पोचले असते."

लेकीने बापाकडे बघितलं. लहानपणी तलावाच्या कठड्यावर बसून ती त्यांच्याकडे जशी बघायची तशी. "बाबा," ती म्हणाली. तिने त्यांचा हात हातात घेतला.

तेवढ्यात खरं सांगून टाकायचं. तेवढाच वेळ होता. तिच्या खांद्यावरून तो मास्तरांकडे जाड भिंगांमधून बघत होता, प्रेमाने, समजूतदारपणे. "अगं, त्यात काय," मास्तर म्हणाले.

गोष्ट पसरली. तंबू परत करायला गेले तर ड्रायव्हरने त्यांना दारातच मिठी मारली. तलावावरच्या नव्या प्रशिक्षकाने त्यांना आग्रहाने बोलावलं आणि ओल्या अंगाच्या मुलांसमोर उभं करून म्हणाला, यांच्याकडून शिका, पाण्यात माणूस दिसला की वय बघायचं नसतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओल्या हातांच्या त्या टाळ्यांचा आवाज मास्तरांना पाणी उडाल्यासारखा वाटला. घरी येऊन ते बराच वेळ मोरीत बसून राहिले.

आणि जावई सुधारला. दुसरा शब्द नाही. पूर्वी घरात त्याचं असणं-नसणं सारखंच होतं. आता तो बायकोचे सुजलेले पाय चेपायचा, संध्याकाळी लवकर यायचा, मास्तरांसाठी आठवणीने मऊ पाव आणायचा. जेवताना घड्याळाकडे बघणं बंद झालं. तो बोलायचा, मास्तरांनाच आवडेल असं बोलायचा. रात्री निजताना तो तिच्या पोटाला तोंड लावून बाळाशी काहीतरी पुटपुटत राहतो, असं लेकीने लाजत सांगितलं. "काय म्हणतो?" मास्तरांनी विचारलं. "काय माहीत. इतकं हळू बोलतो. पण बाळ एकदम शांत होतं बघा, बाबा. हलायचंच थांबतं."

एका रविवारी त्यांनी धीर केला. लेक भाजी निवडत होती. ते जवळ जाऊन बसले. "त्या दिवशी तळ्यावर," ते म्हणाले, "मी…"

"तुम्ही काय?"

"मी तसा…"

स्वयंपाकघरातून आवाज आला. "बाबा, चहा टाकलाय. तुमच्यासारखा, साखर कमी." आवाजात धमकी नव्हती. कशी असेल? तो माणूस त्यांची अब्रू झाकत होता, रोज, न मागता. त्याला खोटं पाडायचं तर आधी स्वतःला उघडं करावं लागणार होतं. लेकीच्या डोळ्यांत जे आलं होतं ते आपल्याच हाताने पुसावं लागणार होतं. मास्तर उठले आणि चहा घ्यायला आत गेले.

शेवटी एका कामाच्या दिवशी सकाळी ते एकटेच तळ्यावर गेले. कोणाला सांगितलं नाही. बस बदलत, मग फाटकापर्यंत पायी. फाटकावर कोणी नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं. बरेच दिवस पाऊस नव्हता, त्यामुळे पायवाटेवरची पानं पायाखाली कुरकुरत होती. तंबूच्या जागी गवत अजून दबलेलं होतं, चुलीचे तीन दगड होते, बाकी काही नाही. मास्तरांनी कपडे काढले, बुटांवर ठेवले आणि थांबले तर पुन्हा होणार नाही म्हणून तडक आत शिरले.

पाणी फार गार होतं, पण हात आपोआप चालू लागले. ते सावकाश मधोमध गेले. तिथे थांबून, पाय मारत, त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"मी आलोय," ते म्हणाले. "उशीर झाला. पण आलोय मी. हात द्या."

झाडी तशीच होती. पाणी तसंच होतं. त्यांनी बुडी मारली. खाली काळोख होता आणि हाताला फक्त मऊ, कुजलेला गाळ लागला. ते पुन्हा वर आले, पुन्हा गेले. छाती भरून आल्यावर त्यांना कळलं की आपण रडतोय, आणि तेही लाजत, इथे कोणी बघत नसताना. शिव्या ऐकायला आलो होतो, असं त्यांना वाटलं. निदान तेवढं तरी मिळायला हवं होतं.

काठाकडे वळले तेव्हा दगडांच्या चुलीशेजारी सरपण रचलेलं दिसलं.

मघाशी ते नव्हतं. बारीक काटक्या खाली, जाड वर, पेटवायला तयार. मास्तर बाहेर आले, थरथरत जवळ गेले. प्रत्येक काटकी निथळत होती. खालची माती ओली होऊन काळी पडली होती. ही लाकडं पेटणं शक्य नव्हतं, तरी ती कोणीतरी मन लावून रचली होती, बराच वेळ थांबायचं असल्यासारखी.

मास्तरांनी कपडे ओल्या अंगावरच चढवले आणि चढ धरला. ते धावले नाहीत. धावायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटत होतं. चढाच्या माथ्यावर श्वास घ्यायला थांबले तेव्हा खिशातला फोन वाजायला लागला.

"बाबा, कुठे आहात?" लेक होती. "सकाळपासून लावतेय. लागतच नव्हता."

"इथेच. जरा बाहेर पडलो होतो."

"दमल्यासारखे वाटताय. बरं, ऐका, हा घरीच आहे आज. दुकानात गेलाच नाही, सारखा खिडकीशी उभा आहे. म्हणतोय, बाबांना विचार, एकटेच येतायत ना." ती हसली, पण थोडं अडखळत. "मी म्हटलं, आणखी कोण येणार? तर म्हणतो, तू विचार तर खरं. तुमच्याबरोबर कोणी आहे का, बाबा?"

मास्तर वळले नाहीत. मागे कोणाचं पाऊल वाजलं नव्हतं. त्या कुरकुरणाऱ्या पानांवरून कोणी चालत आलं असतं तर वाजलं असतं. फक्त कोणीतरी श्वास घेत होतं, मानेच्या अगदी मागे, पाण्यातून नुकतंच डोकं वर काढलेल्या माणसासारखा, तोंड उघडून, अधाशासारखा. त्यात काही मागणं नव्हतं. बोलणं नव्हतं. तो श्वास नुसता वाट बघत होता, मास्तर काय सांगतात ते ऐकायला.

"बाबा?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कोणी नाही. एकटाच आहे मी."

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या बुटांच्या मागची कोरडी पानं हळूहळू भिजत होती.